पाण्यावरची भाजी

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधल्या बाईंनी आम्हाला एक छापील कागद दिला. किडनी बदलल्यानंतर घरात काय चालेल आणि काय चालणार नाही, याची ती यादी होती. कच्चं सॅलड नको, रस्त्यावरचा उसाचा रस नको, कबुतरांना दाणे घालायचे नाहीत, गर्दीत मास्कशिवाय जायचं नाही. ह्यांनी चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं, उसाच्या रसापाशी थोडं तोंड वाकडं केलं आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबले. घरात मातीच्या कुंड्या ठेवू नयेत, रुग्णाने माती हाताळू नये. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. छापणाऱ्याची काहीतरी चूक झाली असणार, असा त्यांचा चेहरा होता.

मी नवऱ्याला 'हे' म्हणते आणि इथेही तेच म्हणणार आहे. नाव काय ते एकदा लग्नात उखाण्यात घेतलं, तेही शेजारणीने पाठ करून घेतलं म्हणून.

बाईंनी समजावून सांगितलं. मातीत बुरशी असते. तुम्हाआम्हाला तिचं काही होत नाही. पण नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, ती अंगातली प्रतिकारशक्तीच दाबून टाकतात. मग तीच बुरशी फुप्फुसात जाऊन बसू शकते. "पहिलं वर्षभर तरी अजिबात नाही, काका." हे म्हणाले, "आणि हातमोजे घालून?" बाई म्हणाल्या, "काका, नाही म्हणजे नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, तुम्ही लक्ष ठेवा." ते सांगायची गरज नव्हती. किडनी माझीच जाणार होती.

मुलुंड पूर्वेला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मासळी बाजारात बर्फात मासे भरून जे पांढरे थर्माकोलचे खोके येतात, ते हे कोळणींकडून मागून आणायचे. तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांना तळाशी भोकं पाडायची आणि त्यात गावची लाल माती भरायची. माती दर मे महिन्यात मालवणहून तांदळाच्या गोणीतून यायची. लोक गावाहून आंबे आणतात, फणस आणतात, आमच्याकडे माती यायची, आणि एकदा गाडीतल्या कोणीतरी गोणी उचलायला मदत केल्यावर आत काय आहे ते विचारलं, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. त्या मातीत अळू, मिरच्या, गवती चहा, कढीपत्ता आणि गजावर चढवलेला वालीच्या शेंगांचा वेल. हे भांडुपच्या एका औषध कंपनीत स्टोअरमध्ये होते. संध्याकाळी कामावरून आले की चपला काढून आधी गॅलरीत जायचे, चहा नंतर.

मला माती आवडत नाही. हे मी लपवलेलं नाही. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत माझं लहानपण गेलं. घराची जमीन मातीची, दर शनिवारी शेणाने सारवायची ती माझ्याकडे. पावसाळ्यात वरून चिखल उतरायचा तो दाराखालून आत यायचा आणि आम्ही भावंडं परातीने तो बाहेर काढायचो. लग्नाच्या वेळी मी एकच गोष्ट विचारली होती, घरात लाद्या आहेत का. लाद्या होत्या. पुढे पंचवीस वर्षं त्या लाद्यांवर हे मातीचे पाय घेऊन फिरले. मी ओरडायची, हे म्हणायचे, "माती ती, घाण नव्हे." पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा ऑपरेशनच्या चार दिवस आधी गॅलरी रिकामी करताना मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. खोके उचलून खाली नेले, माती बिल्डिंगच्या मागे भिंतीला लागून ओतली, कढीपत्ता समोरच्या बिऱ्हाडाला दिला. गॅलरी धुतली. फिनेल घातलं. लादीचा मूळ रंग पिवळसर आहे हे मला तेव्हा कळलं. हे त्या वेळी डायलिसिसला गेले होते. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास, हे त्यांचं चार वर्षं चालू होतं. परत आल्यावर ते गॅलरीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "झकास धुतलीस." 

ऑपरेशन चांगलं झालं. माझ्या डाव्या बाजूची किडनी ह्यांच्या उजव्या कुशीत बसली आणि पहिल्या दिवसापासून कामाला लागली. मी बरी होऊन पुन्हा शाळेत जायला लागले. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, परीक्षानळ्या धुणं, आम्लं मापून ठेवणं, लिटमस कापून ठेवणं, हे माझं काम. ह्यांनी आधीच नोकरी सोडली होती. रक्ताचे रिपोर्ट एकेक महिना सुधारत गेले. डॉक्टरीणबाई खूश होत्या.

माणूस मात्र बिघडत चालला होता. सकाळी सहाला उठणारे हे नऊला उठायला लागले. आंघोळ दुपारी. टीव्हीसमोर बसायचे पण काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही. मी सकाळी ठेवलेला नाश्ता संध्याकाळी तसाच असायचा. डायलिसिस चालू असताना, अर्धमेले झालेले असतानासुद्धा, हे मिरचीची फुलं मोजायचे. आता अंगात बळ होतं आणि करायला काही नव्हतं. मी घाबरले होते. एवढं सगळं करून मी कोणाला वाचवलं, असं वाटायला लागलं.

आठव्या महिन्यात एकदा शाळा लवकर सुटली. मी मागच्या गेटने आत आले, तर भिंतीजवळ हे उकिडवे बसलेले. मास्क लावलेला होता, हे सांगायला हवं. पण उजवा हात मनगटापर्यंत मातीत. ओतलेल्या मातीतून अळूचे कोंब आले होते आणि हे त्यातला एक कंद मोकळा करत होते.

माझ्या हातातली पिशवी पडली. मी ओरडले, "माझी किडनी आहे ती. कळतंय का तुला?"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. हे उठले, हात मागे लपवला. माझं ओरडणं त्यांना नवीन नव्हतं. पण मी त्यांना तोपर्यंत कधीही 'तू' म्हटलं नव्हतं, भांडणातसुद्धा 'अहो' सुटलं नव्हतं. तो 'तुला' त्यांना लागला हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मला परत घेता आला नाही.

वर आल्यावर मी त्यांचे हात साबणाने तीन वेळा धुवून घेतले, नखं ब्रशने घासली. ते लहान मुलासारखे हात पुढे करून उभे होते. चहा घेताना म्हणाले, "किडनी तुझी, मान्य. पण बाकीचा मी कोणाचा?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं. 

तिथून हे पाण्यावरच्या भाजीचं प्रकरण सुरू झालं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, हायड्रोपोनिक्स कर ना मग. मातीच नको." घरातल्या घरात, पाण्यात, दिव्याखाली भाज्या लावायच्या. मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि माझा जीव त्यात अडकला. पांढरेशुभ्र पाइप, त्यातून हिरवीगार पानं, आणि कुठेही चिखलाचा ठिपका नाही.

शनिवारी आम्ही दोघं घाटकोपरला एका दुकानात गेलो. हे यायला तयार नव्हते, मी नेलं. तिथली मुलगी फार हुशारीने समजावून सांगत होती. पाइपमध्ये भोकं, भोकात जाळीचे छोटे कप, कपात स्पंजाचा तुकडा, त्यात बी. खाली टाकी, टाकीत पंप, पंप पाणी फिरवत राहतो. झाडाला जे काही लागतं ते पाण्यात मिसळायचं. "काका, माती झीरो. किडे झीरो. वास झीरो."

हे म्हणाले, "अळू होईल?"

"अळू नाही काका, म्हणजे ट्राय करू शकता. लेट्यूस मस्त येतं. पालक, पुदिना, बेसिल."

"कढीपत्ता?"

"काका, ते झाड आहे ना."

"मग मीपण तेच म्हणतोय, झाड."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

घरी येऊन दोन आठवडे आमचं यावर चाललं होतं. वीज गेली तर? मुळं वाळतील. पंप बिघडला तर? मुळं सडतील. हे एकेक खोट काढत होते आणि मी एकेक उत्तर काढत होते. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माती नाही ना, मग बरं आहे. पण पाणी साठून राहू देऊ नका, टाकी नीट धुवा, आणि टाकीत हात घालायचा तो काकूंनी. काकांनी ग्लोव्हजशिवाय नाही." मी ह्यांना म्हटलं, दगडापेक्षा वीट मऊ. हे म्हणाले, "वीटपण मातीचीच असते." पण नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं, जिंकले.

दिवाळीच्या आधी सेट आला. हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशेजारी चार पाइपांचा स्टँड, वर जांभळट उजेडाचे दिवे, खाली टाकी आणि बाजूला पाच-पाच लिटरचे दोन पांढरे कॅन. एकावर ए लिहिलेलं, दुसऱ्यावर बी. झाडाचं सगळं अन्न त्या दोन कॅनमध्ये. आधी ए घालायचं, ढवळायचं, मग बी. पाण्यात न मिसळता दोन्ही एकत्र आलं तर फाटतं.

मला फार आनंद झाला होता. अख्खी नोकरी मी मापण्यात घालवली आणि शेवटी घरात मापायला काहीतरी माझं आलं. पाण्याची आम्लता मापायचं पेन, क्षार मापायचं दुसरं पेन. फ्रिजवर तक्ता लावला. डावीकडे ह्यांचं ब्लडप्रेशर, वजन, ताप, लघवीचं माप. उजवीकडे टाकीचे आकडे. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी दोन्हीकडे लिहायचं. दोघांचे आकडे ठीक असले की मी डबा भरायची.

बारा दिवसांत लेट्यूसची पानं कपाबाहेर आली. शेजारचे बघायला आले. कोणीतरी ह्यांना म्हणालं, "काय, आता पाण्यातली शेती का?" हे म्हणाले, "शेती कसली. भाजी अॅडमिट आहे." सगळे हसले, मीही हसले. शाळेत जाऊन सांगितलंसुद्धा. विज्ञानाच्या बाई पोट धरून हसल्या.

लेट्यूस पुष्कळ आलं आणि मग ते खायचं कसं हा प्रश्न आला. कच्चं ह्यांना बंद. मी पीठ पेरून भाजी केली. कढईत टोपलीभर पानं घातली, हाती वाटीभर लगदा आला, बेसनाचा आणि पाण्याचा. हे दोन घास खाऊन म्हणाले, "ह्याला स्वतःचं असं काही म्हणायचं नाही बघ." मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्त राग आला. पुदिना मात्र चांगला आला. पालकही बरा आला. मी सारखी म्हणायची, "बघा ना जरा इकडे, किती सुंदर दिसतंय." हे बघायचे, मान हलवायचे आणि आतल्या खोलीत जायचे. दार लोटून घ्यायचे. पंपाचा बारीक आवाज दिवसभर असायचा, मला त्याची सवय झाली होती. मला वाटायचं हे मुद्दाम करतात. मला हरवायला. आमच्यात असं चालायचंच, मी आणलेल्या मिक्सरवरही हे सहा महिने रुसले होते.

एका रविवारी मी बांगडे आणले. साफ केले, तीन पाण्यांतून धुतले आणि धुतलेलं लालसर पाणी मोरीत न ओतता बादलीत काढून ठेवलं. हे मालवणी घरातलं वळण. माशांचं धुवण झाडांना घालायचं, कढीपत्ता त्याच्यावर असा फोफावतो की काय विचारू नका. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, तेव्हापासून हात आपोआप बादलीकडे जातो. झाडं जाऊन वर्ष होत आलं होतं, पण तो गेलाच. मी भावाकडे जाऊन येते म्हणून बाहेर पडले.

चारला परत आले तर जिन्यातच वास. दार उघडलं तर हॉलमध्ये उभं राहवेना. पंप चालू होता आणि चारही पाइपांतून बांगड्यांचं पाणी फिरत होतं. वरून हीटर लावावा तसे दिवे तापलेले.

"अहो, काय केलंत हे?"

"काय केलं? धुवण ठेवलेलंस, घातलं."

"टाकीत?"

"झाडांना नाही घालायचं तर ठेवलंस कशाला?"

असं कोंडीत पकडलं की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, तीन महिन्यांची मेहनत गेली, हे काय तुमचं अळू आहे का, ह्याला मापून द्यायचं असतं. हे म्हणाले, "तीन महिने एक थेंब कोणी प्रेमाने दिलाय का त्याला? सगळं मापून." मी म्हटलं, "मग तुम्ही द्यायचं होतं प्रेमाने." हे म्हणाले, "दिलं की आज." त्या अवस्थेतही मला हसू फुटलं असतं, पण वासाने तोंड उघडवत नव्हतं.

मुळं तपकिरी पडली होती, हाताला बुळबुळीत लागत होती. लेट्यूस गेलं, पालक गेला. मी हातमोजे, मास्क घालून पाइप सोडवले, मोरीत नेऊन ब्लीचिंग पावडरने धुतले. टाकी चार वेळा धुतली. ह्यांना मी दाराबाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसवलं होतं, कारण असल्या पाण्याच्या जवळपास त्यांना नको होतं. सगळं धुऊन, स्वच्छ पाणी भरून झाल्यावर त्यांना आत बोलावलं. माझी कंबर गेली होती. म्हटलं, "निदान ते कॅन तरी द्या इकडे. आधी ए, मग बी."

हे म्हणाले, "माहितीय मला. आधी ए, मग बी."

त्यांच्या दोन हातांत दोन कॅन होते. पण ते पुढे येत नव्हते. मी वर पाहिलं. ते टाकीकडे बघत होते, टाकीतून वर जाणाऱ्या नळ्यांकडे.

"तिकडेपण हेच होतं," ते म्हणाले. "मशीनच्या खाली. दोन पांढरे कॅन. लाल नळी ए-मध्ये, निळी बी-मध्ये. सिस्टर दर वेळी लावायची. मी बघत बसायचो, चार तास दुसरं बघायला काय होतं?" मग एरवी बहिणीशी फोनवर बोलतानाच जी भाषा येते त्या भाषेत म्हणाले, "चार वर्सां मी ह्याच्यारच होतंय गे. माका ह्यां बघूक नको."

चार वर्षं मी ह्याच्यावरच होतो. मला हे बघायला नको.

मी पंपाचं बटण दाबायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. चार वर्षं मी त्यांना त्या सेंटरला नेलं होतं. पण मी बाहेरच्या बाकावर बसायची, नळ्यांतलं रक्त बघवत नाही म्हणून. आतलं मशीन, कॅन, तो आवाज, सगळं ह्यांनी एकट्याने बघितलं होतं. त्यातून सुटून आलेल्या माणसाच्या हॉलमध्ये मी तेच आणून उभं केलं होतं, चोवीस तास चालू, वर दिवे लावून. आणि 'बघा ना, किती सुंदर दिसतंय' म्हणून रोज समोर नेत होते. भाजी अॅडमिट आहे म्हणाले ते. मी हसले होते.

मला फार लाज वाटली. म्हटलं, "सांगितलं का नाही?"

"तू खूश होतीस."

मी ते दोन्ही कॅन त्यांच्या हातातून घेतले आणि कपाटात बंद केले. पंप पुन्हा लावलाच नाही.

सेट शाळेत दिला. विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेत लावला, पोरं त्यात पुदिना काढतात, मला तिथे तो बघायला अजूनही आवडतो. पण घरी पुन्हा तोच प्रश्न आला. पाणी नको आणि माती चालत नाही. वर्ष उलटल्यावर तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, आता तरी माती चालेल का. त्या म्हणाल्या, औषधं जन्मभर आहेत, त्यामुळे ह्यांनी हात घालायचा नाही तो नाहीच. कुंड्या उघड्या गॅलरीत असतील, दार लावलेलं असेल, खणणं आणि माती कालवणं दुसऱ्या कोणीतरी केलं आणि मग हातपाय धुवून आत आलं, तर त्यांची हरकत नव्हती. "घरात दुसरं आहे का कोणी करणारं?"

हे छताकडे बघत होते. मला विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं असावं.

किडनी द्यायची होती तेव्हा मला एका समितीसमोर बसवलं होतं. समोर कॅमेरा होता. स्वखुशीने देताय ना, कोणाचा दबाव नाही ना, असं त्यांनी मला वेगवेगळ्या तऱ्हेने चार वेळा विचारलं, आणि मी चारही वेळा पटकन हो म्हणाले. मनात दुसरं काही आलंच नाही. या मातीचं मात्र मी आठवडाभर ठरवत होते. पुन्हा नखांत माती, पुन्हा लादीवर पाय, आणि तेही माझ्याच हाताने. परातीने चिखल काढणारी मी मला सारखी आठवत होती. मी रागावले होते. आता अजून काय काय द्यायचं माणसाने, असंही मनात आलं, ते मी इथे लिहून टाकते. शनिवारी उठून नर्सरीत गेले आणि दोन गोणी माती सांगून आले.

रविवारी सकाळी मी जुना गाऊन घालून गॅलरीत फळकुटावर बसले. मध्ये काचेचं सरकतं दार, घट्ट लावलेलं. आतल्या बाजूला खुर्चीवर हे, मास्क लावून. काचेतून आवाज येईना, मग त्यांनी मला फोन लावला. मी फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. चार फुटांवरच्या नवऱ्याशी फोनवर बोलणारी बाई समोरच्या बिल्डिंगमधून कशी दिसत असेल याचा मी विचार केला नाही.

"सगळी ओतू नकोस. आधी मूठभर घे," फोनमधून आवाज आला.

घेतली.

"आवळ. आता मूठ उघड. गोळा राहिला?"

"राहिला."

"बोटाने टोच. फुटला का?"

"फुटला."

"मग चांगली आहे. चिकण असती तर फुटला नसता." ते खुर्चीतून पुढे झुकले होते, कपाळ काचेला टेकलं होतं. "कशी लागते?"

"कशी म्हणजे? मातीसारखी."

"तसं नको सांगू गं. नीट सांग."

मी काहीतरी खरमरीत बोलणार होते. मग त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं आपोआप चोळल्यासारखी हलत होती.

मी हात गोणीत घातला, कोपरापर्यंत. म्हटलं, "गार आहे. वर कोरडी आहे, पण आत गार. रव्यासारखी लागते, जाड रव्यासारखी. मध्ये बारीक काड्या आहेत, त्या मोडतात. आणि अगदी खाली थोडी ओल आहे, तिथे बोटांना धरून ठेवते."

त्यांनी डोळे मिटले होते.

"आणखी सांग," ते म्हणाले.

मी हात बाहेर काढला नाही. सांगत राहिले.